मावशी बदलली, घर तेच

'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण आपल्या तोंडी असतेच. आज ज्या मालिकेबद्दल बोलायचं आहे ती अमेरिकेतली, पण तिची सुरुवात या म्हणीसारखीच आहे. फिलाडेल्फिया शहरातल्या साध्या वस्तीत एक पोरगा वाढतो. बास्केटबॉल खेळताना मारामारी होते, आई घाबरते आणि त्याला लॉस एंजेलिसला, बेल-एअर नावाच्या श्रीमंतांच्या वस्तीत आपल्या बहिणीकडे धाडते. मालिकेचं नाव 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर'. सप्टेंबर १९९० ते मे १९९६ या काळात तिचे १४८ भाग झाले.

पोराचं काम केलं विल स्मिथने. तो नट नव्हता, रॅपर होता. रॅप म्हणजे तालावर, यमक जुळवत, झरझर बोलत म्हटलेलं गाणं. कोवळ्या वयातच त्याला नाव मिळालं, पैसा मिळाला. पैसा उडवला, सरकारचा कर मात्र भरला नाही. थकबाकी लाखो डॉलरांची. मालिका मिळाली तेव्हा तो २१ वर्षांचा होता, आणि पहिली काही वर्षं पगारातला मोठा हिस्सा त्या कर्जापोटी कापला जायचा. (बचत गटात बसणाऱ्यांना यावर जास्त सांगायला नको.) अभिनय येत नव्हता म्हणून तो सगळ्यांचे संवाद पाठ करून यायचा. सुरुवातीचे भाग नीट बघितले तर समोरचा बोलत असताना विलचे ओठही हलताना दिसतात!

मावशीचं नाव व्हिवियन. तिचा नवरा फिलिप बँक्स मोठा वकील, पुढे न्यायाधीश होतो. हिलरी, कार्ल्टन आणि ॲशली ही तीन मुलं. शिवाय मालकालाही टोमणे मारणारा नोकर जेफ्री. घर काळ्या लोकांचं, पण सुखवस्तू, शिकलेलं. नुसतं हसवून सोडायचं नाही, हे या मालिकेने पहिल्याच वर्षी दाखवलं. विल आणि कार्ल्टन ओळखीच्या माणसाची महागडी गाडी घेऊन निघतात, आणि पोलीस त्यांना गाडीचोर समजून आत टाकतात. बाप वकील असला तरी रस्त्यावर पोरांचा रंगच आधी दिसतो.

मला मात्र या घरातली माणसं आठवायला बसलं की आधी मावशी आठवते. जॅनेट ह्युबर्ट या नटीने ती उभी केली. ही व्हिवियन कॉलेजात शिकवणारी, काळ्या लोकांचा इतिहास पोरांना परखडपणे सांगणारी. नवऱ्याला आणि भाच्याला एका नजरेत गप्प करणारी. एका भागात ती चाळिशीची होते आणि मनात राहून गेलेलं नाचाचं वेड पुन्हा जागं होतं. निवड चाचणीला तरण्या पोरी तिच्याकडे बघून हसतात. मग ती नाचते. जॅनेट खरीच नृत्य शिकलेली होती, त्यामुळे त्यात लबाडी नाही. मिळाला तर हा भाग जरूर बघा.

तिसऱ्या वर्षी जॅनेटला दिवस गेले. लेखकांनी मालिकेतल्या मावशीलाही दिवस गेल्याचं दाखवलं, बाळाचं नाव निकी ठेवलं. पडद्यावरच्या बाळाचं कौतुक झालं. खऱ्या बाळाच्या आईपुढे मात्र नवा करार आला, तो काम आणि पैसा कमी करणारा. वर दुसरीकडे काम करायचं नाही, अशी अट. जॅनेटने पुढे सांगितलं, की तेव्हा तिच्या संसारात त्रास होता, नवऱ्याला काम नव्हतं. तिने करार नाकारला. १९९३ मध्ये तिच्या जागी डॅफनी मॅक्सवेल रीड आली.

आपल्याकडच्या मालिकांतही असं होतं. काल एक सून होती, आज दुसरीच उभी, आणि घरात कोणाला काही वाटत नाही. इथे तर त्यावर विनोद केला. विलचा मित्र जॅझ नव्या मावशीला म्हणतो, की बाळंत झाल्यापासून तुमच्यात काहीतरी वेगळं दिसतंय, आणि विल कॅमेऱ्याकडे बघतो. लोक खूप हसले. नवी मावशी सौम्य झाली, तिचा आवाजही उतरला. त्यात डॅफनीचा दोष नाही, तिला लिहूनच तसं दिलं होतं. घराचा सगळा भार फिलिपवर, म्हणजे जेम्स एव्हरीवर आला, आणि त्याने तो पेलला. १९९४ च्या एका भागात विलचा बाप १४ वर्षांनी येतो, सोबत नेण्याचं वचन देतो आणि पुन्हा पळतो. विल आधी फुशारकी मारतो, मग कोसळतो. फिलिप त्याला नुसता कवेत घेतो.

जॅनेटबद्दल विल त्या काळात बाहेर वाईट बोलला. ही बाई अवघड आहे, असा शिक्का बसला. काळ्या बाईवर असा शिक्का बसला की चित्रपटवाले काम देत नाहीत, हे तिने स्वतः सोसलं. नोव्हेंबर २०२० मध्ये मालिकेच्या आठवणींचा कार्यक्रम झाला, तेव्हा २७ वर्षांनी दोघं समोरासमोर बसले. तुझ्या शब्दांनी माझं किती गेलं, हे तिने त्याला तोंडावर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तेव्हा मला समज नव्हती, आज तीन मुलांचा बाप झाल्यावर कळतं, मी वेगळं वागलो असतो, असं तो म्हणाला.

त्याच कार्यक्रमात डॅफनीही आली. एकाच घरात, एकाच नवऱ्याची बायको आणि त्याच मुलांची आई म्हणून कॅमेऱ्यापुढे वावरलेल्या या दोघी तोपर्यंत एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या.