सोळा फेऱ्यांचा हिशेब

८०० मीटरांची जलतरण-शर्यत पाहणाऱ्यास प्रथमदर्शनीं कांहींशी कंटाळवाणी वाटते. पन्नास मीटर लांबीच्या तलावांत सोळा फेऱ्या, पंधरा कोलांट्या आणि साडेसात मिनिटांहून अधिक काळ एकच एक हालचाल! परंतु या एकसुरीपणाच्या आड एक हिशेब चाललेला असतो, आणि तो चुकल्यास त्याची भरपाई शेवटच्या शंभर मीटरांत करावी लागते. डॅनियल विफेन या आयरिश तरुणानें हा हिशेब कसा साधला, तें पाहण्यासारखें आहे.

पाण्याचा विरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. त्यास तोंड देण्यास लागणारी शक्ति तर वेगाच्या घनाच्या प्रमाणांत. म्हणजे वेग अवघा १० टक्क्यांनीं वाढवावयाचा, तर शक्ति जवळजवळ ३३ टक्के अधिक लागते. आरंभीं उतावळेपणानें उधळलेली ही शक्ति पुढें मंद पोहून परत मिळत नाहीं. म्हणून लांब पल्ल्याचा जाणता पोहणारा महिन्याचा खर्च चालविणाऱ्या गृहिणीप्रमाणें प्रत्येक फेरीस मोजूनमापून देतो.

विफेनचा जन्म १४ जुलै २००१ रोजीं इंग्लंडांतील लीड्स येथें झाला. तो वाढला मात्र उत्तर आयर्लंडमधील डाऊन परगण्यांत, मॅहरलिन या गांवीं. त्याचा जुळा भाऊ नेथन हाही लांब पल्ल्याचाच पोहणारा. घरांतच जोडीदार आणि प्रतिस्पर्धी मिळावा, हें भाग्य कोणत्याही शिक्षकास देतां येण्यासारखें नाहीं. पुढची तयारी इंग्लंडांतील लफबरो विद्यापीठांत झाली. उत्तर आयर्लंडच्या खेळाडूंची स्थिति थोडी गमतीची असते : २०२२ सालीं राष्ट्रकुल स्पर्धेंत विफेननें रौप्यपदक मिळविलें तें उत्तर आयर्लंडसाठीं, ऑलिंपिकमध्यें मात्र तो आयर्लंडच्या वतीनें उतरला.

२०२१ सालीं भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्यें पुरुषांसाठीं ८०० मीटरांची शर्यत प्रथमच ठेवण्यांत आली. विफेन तेथें अंतिम शर्यतीपर्यंत पोहोंचलाच नाहीं. २०२३ च्या जुलैंत फुकुओका येथें त्यानें याच अंतराचा युरोपीय विक्रम मोडला, आणि तरीही क्रमांक आला चौथा! १५०० मीटरांतही चौथाच. विक्रम करून रिकाम्या हातानें परतणें याहून कडू अनुभव खेळाडूस क्वचितच येत असेल. त्याच डिसेंबरांत रुमानियांत, २५ मीटरांच्या तलावांत, त्यानें ऑस्ट्रेलियाच्या ग्रँट हॅकेटचा २००८ सालचा जागतिक विक्रम ७ मिनिटें २३.४२ सेकंदांवरून ७ मिनिटें २०.४६ सेकंदांवर आणला. पुढच्या फेब्रुवारींत दोहा येथें दोन जागतिक अजिंक्यपदें मिळालीं. परंतु टोकियोचा विजेता, अमेरिकेचा बॉबी फिंक, तेथें आला नव्हता.

फिंकची ख्याति मोठी विलक्षण. टोकियोंत त्यानें ८०० आणि १५०० या दोन्ही शर्यती शेवटच्या ५० मीटरांत जिंकल्या होत्या. अशा माणसाविरुद्ध शक्ति फार राखून ठेवावी तर तो अखेरीस गांठणार. आधींच खर्चावी तर अखेरीस आपल्यापाशीं कांहीं उरणार नाहीं.

३० जुलै २०२४ रोजीं पॅरिस येथें हा पेंच सुटला. इटलीचा पाल्त्रिनिएरी बराच वेळ आघाडीवर होता. विफेननें त्याच्याशीं फारसें अंतर पडूं दिलें नाहीं. अखेरीस तो पुढें सरसावला, आणि मागून अपेक्षेप्रमाणें फिंकही आला. विफेनचा काळ ७ मिनिटें ३८.१९ सेकंद, म्हणजे दर फेरीस सरासरी २८.६ सेकंद, फिंक ०.५६ सेकंदानें मागें. पाण्यावर हें अंतर सुमारें एक मीटर भरतें. ऑलिंपिक विक्रम तर झालाच. शिवाय जलतरणांत ऑलिंपिक पदक मिळविणारा तो पहिला आयरिश पुरुष ठरला.

पांच दिवसांनीं १५०० मीटरांत फिंकनें आपली रीतच पालटली. तो आरंभापासून पुढें राहिला आणि १४ मिनिटें ३०.६७ सेकंदांचा जागतिक विक्रम करून गेला. विफेनला कांस्यपदक मिळालें. त्यानंतर सेन नदींतील १० किलोमीटरांच्या शर्यतींत त्याचा क्रमांक अठरावा लागला. २०२५ सालीं सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेंत ८०० मीटरांत तो आठवा आला आणि १५०० मीटरांतून प्रकृतीच्या कारणास्तव त्यानें माघार घेतली. त्या ८०० मीटरांत फिंकही तिसराच होता. सुवर्णपदक ट्युनिशियाच्या अहमद जौआदीनें नेलें.