भूत न दाखवता घाबरवायचं कसं?

हॉस्टेलवर रात्री लाईट गेली की भुताच्या गोष्टी सुरू होतात. त्यातलं भूत बहुतेक ठरलेलंच: पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय. ऐकायला मजा येते, पण झोप काही उडत नाही. माझी झोप उडवली ती जुन्या इंग्रजी भूतकथांनी. गंमत म्हणजे त्यांत भूत जेमतेम दिसतं! मग भीती येते कुठून? त्याचाच हा थोडा शोध.

पहिली कथा आपल्या लाईनची आहे. चार्ल्स डिकन्सची 'द सिग्नलमन', १८६६ च्या नाताळात प्रसिद्ध झालेली. खोल, ओलसर रेल्वे कटिंग, बोगद्याचं तोंड, लाल दिवा, तारयंत्र आणि एकटा सिग्नलमन. कटिंगच्या काठावरून कुणी हाक मारली तर माणूस वर बघेल ना? हा बोगद्याकडे बघतो. बस्स, तिथेच आपल्या मनात पाल चुकचुकते.

कारण बोगद्याच्या तोंडाशी त्याला एक आकृती दिसत असते. एक हात डोळ्यांवर, दुसऱ्या हाताने जीव तोडून 'बाजूला व्हा' असं खुणावणारी. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा सहा तासांच्या आत भीषण अपघात झाला. नंतर एकदा दिसली, त्याच दिवशी धावत्या गाडीत एक तरुणी मरण पावली. आता ती पुन्हा दिसू लागली आहे.

खरी भीती इथे आहे. माणूस कामाला चोख. पण तारेने 'धोका' एवढंच कळवलं तर पलीकडून विचारणार, कसला? कुठे? याच्याकडे उत्तर नाही. उलट वेडा ठरवून कामावरून काढतील. म्हणजे अलार्म वाजतोय, फॉल्ट कुठे ते कळत नाही आणि जबाबदारी मात्र आपली! भुतापेक्षा ही अवस्था भयंकर.

हा धोका डिकन्सने स्वतः अनुभवला होता. ९ जून १८६५ रोजी केंटमधल्या स्टेपलहर्स्टजवळ पुलाच्या दुरुस्तीसाठी रूळ काढले होते. मुकादमाने गाडीची वेळ चुकीची वाचली. निशाणवाला १००० यार्डांवर हवा होता, तो होता ५५४ यार्डांवर. ब्रेक लागले, पण अंतर पुरलं नाही. १० माणसं गेली, ४० जखमी झाली. डिकन्सचा डबा पुलावर लटकत राहिला. बाहेर पडून तो जखमींना पाणी आणि ब्रँडी देत फिरला. इशारा मिळाला होता, पण उपयोगाचा नव्हता. पुढच्याच वर्षी ही कथा आली.

दुसरा उस्ताद एम. आर. जेम्स. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातला हा विद्वान नाताळात मित्रांना खोलीवर जमवून, मेणबत्तीच्या उजेडात आपल्या कथा वाचून दाखवायचा. त्याचा पहिला संग्रह १९०४ मध्ये निघाला. त्यात एका प्राध्यापकाची गोष्ट आहे. भुतंखेतं साफ न मानणारा हा गृहस्थ सुट्टीत समुद्रकाठच्या लॉजवर उतरतो. पडक्या अवशेषांत त्याला एक जुनी शिट्टी सापडते आणि रात्री खोलीत तो ती वाजवतो. खोलीत कॉट दोन, झोपणारा एक. दुसऱ्या दिवशी कामवाली बाई विचारते, जादा ब्लँकेट कुठल्या कॉटवर टाकू? दोन्ही आवराव्या लागल्या सकाळी!

आरडाओरडा नाही, रक्त नाही. एक साधा प्रश्न आणि अंगावर काटा. जेम्सने आपली पद्धत लिहूनही ठेवली आहे: जागा रोजच्या ओळखीची हवी, भीती पायरीपायरीने चढवायची आणि लिहिताना हात राखायचा. मला यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लेखकाने रंगवलेलं भूत सगळ्यांना सारखंच दिसतं. त्याने मोकळी सोडलेली जागा मात्र प्रत्येक जण आपापल्या भीतीने भरतो, आणि स्वतःची भीती कुणाला खोटी वाटत नाही.

दोन्ही कथांचे शेवट मुद्दामच सांगत नाही. कॉपीराइट संपल्यामुळे त्या नेटवर फुकट मिळतात. जरूर वाचा. फक्त रूममेट गावी गेलेला असताना नको. समोरची कॉट रिकामी असते.