तुळई आधी, आराखडा नंतर

पाडकामातून बांधकाम : लेखांक ५

मागच्या लेखात आपण जुन्या विटा पाहिल्या. विटा साधारण एका मापाच्या असतात, त्यामुळे आराखडा काढून झाला की लागतील तितक्या मोजून आणता येतात. लाकडाला हा हिशेब लागू पडत नाही. पाडलेल्या इमारतीतून निघणारी प्रत्येक तुळई वेगळ्या लांबीची, वेगळ्या जाडीची. कुठे कड्या बसवायला पाडलेल्या खाचा, कुठे खिळ्यांची भोकं, आणि भिंतीत गाडलेलं टोक बहुधा ओलीनं कुजलेलं. म्हणून जुन्या लाकडानं एखादं दुकान, कचेरी किंवा संग्रहालय बांधायचं तर कामाचा क्रम उलटा करावा लागतो. आधी लाकूड ताब्यात घ्यायचं, तपासायचं, मोजायचं, आणि मगच कागदावर रेघ ओढायची. माझ्या मते या विषयाचं मर्म इथेच आहे. आपल्या सार्वजनिक इमारतींत जुनं लाकूड इतकं कमी का दिसतं, याचं उत्तरही इथेच सापडतं.

लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवर ‘लिबर्टी’ हे मोठं दुकान आहे. एडविन हॉल आणि त्यांचा मुलगा या वास्तुकारांनी आखलेली ही इमारत १९२४ साली उभी राहिली. ब्रिटिश नौदलाच्या मोडीत निघालेल्या ‘इम्प्रेग्नेबल’ आणि ‘हिंदुस्थान’ या दोन युद्धनौकांचं २४ हजार घनफुटांहून अधिक लाकूड तिच्यात गेलं. जहाजाच्या डेकवरच्या फळ्या दुकानाच्या जमिनीला लागल्या. रस्त्याकडची दर्शनी बाजू तर ‘हिंदुस्थान’ जहाजाच्या लांबीइतकीच ठेवलेली. आत एकच अवाढव्य दालन नाही. वरून उजेड घेणारे तीन उंच चौक आहेत, त्यांच्याभोवती सज्जे आणि सज्ज्यांमागे लहान लहान खोल्या. वाड्यात वावरलेल्या कुणालाही ही मांडणी ओळखीची वाटेल. गिऱ्हाइकाला एखाद्या घरात आल्यासारखं वाटावं हा त्यामागचा हेतू होता. पण लाकडी तुळईला पेलतील अशी बेताची अंतरंही या मांडणीत आपसूक मिळतात, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटतात.

‘हिंदुस्थान’ नावापुरतंच आपलं. ते १८४१ साली प्लिमथला पाण्यात उतरलं होतं. मुंबईशी खरं नातं आहे ते ‘गँजेस’ या जहाजाचं. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली ते सागवानात बांधलं गेलं आणि १८२१ साली पाण्यात उतरलं. १९३० च्या सुमारास ते मोडलं, तेव्हा त्याच्या कप्तानाची केबिन डेव्हनच्या किनाऱ्यालगतच्या बर्ग आयलंड हॉटेलात बसवली गेली. शंभर वर्षांहून अधिक काळ खाऱ्या पाण्यावर काढलेलं मुंबईकर कारागिरांच्या हातचं काम पुढे एका हॉटेलाच्या उपयोगी आलं.

सार्वजनिक इमारतीचा दाखला शोधायला मात्र इतक्या लांब जायला नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात, तर मूर्ती आणि चित्रांकडे वळण्याआधी मधल्या दालनात थांबा आणि वर बघा. अठराव्या शतकातल्या एका मराठा वाड्याचे खांब, कठडे आणि सज्जा वास्तुकार जॉर्ज विटेट यांच्या या इमारतीत बसवलेले आहेत. १९०५ साली पायाभरणी झाली, १९१४ साली इमारत पुरी झाली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, आणि १९२२ साली संग्रहालय लोकांना खुलं झालं. दगडी भिंती आणि भल्या मोठ्या घुमटाच्या या वास्तूत वाड्याचं लाकूड शोभेसाठी आणून लावल्यासारखं दिसत नाही. ते त्या दालनाचा भागच वाटतं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडचा मस्तानी महाल असाच उचलून आणून पुन्हा उभा केला आहे.

अलीकडचं उदाहरण नेदरलँड्समधलं. टेसेल बेटावर दर्यावर्दी आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तू गोळा करणाऱ्या लोकांचं ‘काप स्किल’ संग्रहालय आहे. मेकानू या वास्तुकार संस्थेनं त्याची नवी इमारत २०११ साली पूर्ण केली. तिच्या दर्शनी भागाला उभ्या लाकडी पट्ट्या आहेत. हे लाकूड मूळचं नॉर्थ हॉलंड कालव्याचं. कालव्याचे काठ ढासळू नयेत म्हणून पाण्यात ठोकलेल्या कठीण लाकडाच्या फळ्या काढून त्या चिरल्या गेल्या. या बेटावरची माणसं फुटलेल्या जहाजांच्या लाकडानं पूर्वापार घरं बांधत आली आहेत, त्यामुळे ही निवड तिथे अगदी आपली वाटते.

आता मुंबई-पुण्याकडे येऊ. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांनी ब्रह्मदेशातलं सागवान मुंबईत उतरवलं, आणि गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींत ते तुळया, कड्या, जिने होऊन बसलं. नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या थोराड झाडांचं हे लाकूड. त्याच्या गाभ्यातच तेल असतं, म्हणून वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. नुसत्या जुनेपणानं लाकूड मजबूत होतं, हा मात्र गैरसमज आहे. ताकद येते ती झाडाच्या वाढीतून. काळाचा फायदा इतकाच की ते पूर्ण वाळलेलं असतं, त्यामुळे नव्या लाकडासारखं पुढे पिळवटत नाही.

अशी तुळई वखारीत पोचली की तिचं काय होतं? तिच्या फळ्या पडतात, फळ्यांची टेबलं होतात, नाहीतर एखाद्या कॅफेच्या भिंतीवर लावायच्या पट्ट्या. ती चुलीत जाण्यापेक्षा हे शतपटीनं बरं. तरीही मला त्याचं वाईट वाटतं. पंधरा फुटी अखंड तुळई आज कुठल्या जंगलातून मिळवणार? एकदा चिरली की ती लांबी कायमची गेली. लांब तुकडा आधी लांब म्हणूनच वापरावा, तसा उपयोग नसेल तरच कापावा, हा नियम मी प्रत्येक वास्तुकाराला आग्रहानं सांगेन.

तुळई पुन्हा भार घेण्यासाठी वापरायची तर तपासणी कडक हवी. अनुभवी सुतार ठोकून आवाज ऐकतो, टोचा खुपसून पाहतो, आणि ते आजही उपयोगाचं आहे. त्याच्या जोडीला बारीक सुईसारखं ड्रिल लाकडात शिरवून आत कुठे पोकळी किंवा कुजकेपणा आहे याचा आलेख काढणारं यंत्र मिळतं. करवतीआधी धातुशोधक फिरवायचाच, कारण आत तुटलेला एक खिळाही पातं आणि माणूस दोघांना जखमी करतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा तो कोरडा घासून धूळ उडवायची नाही. रेल्वेचे जुने स्लीपर तर इमारतीच्या आत आणूच नयेत. त्यांत मुरवलेलं क्रिओसोट आरोग्याला घातक आहे, आणि तरी मी उपाहारगृहांत त्यांची बाकडी पाहिली आहेत. कुजलेली टोकं कापली की तुळई दोन-तीन फुटांनी आखूड होते. तिथेच खांबांमधलं अंतर ठरतं, आणि खोलीची रुंदीही.

आगीची भीती सगळेच बोलून दाखवतात. जाड लाकूड जळताना त्याचा पृष्ठभाग मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर वेगानं कोळसा होत जातो, आणि तो कोळसाच आतल्या भागाला उष्णतेपासून वाचवतो. म्हणून अभियंता तासाभरानं किती गाभा उरेल ते मोजतो आणि तेवढ्यावर भार पेलला जाईल असं बघतो. बारीक पट्ट्यांना हा लाभ नाही. अखंड तुळई राखण्याचं हेही एक कारण.

शिवाय कोरड्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. एक घनमीटर सागवानात सुमारे एक टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. लाकूड जळलं की तो पुन्हा हवेत.

मग अडतं कुठे? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं १९९३ साली आपल्या कामांत लाकूड वापरायला बंदी केली होती. ती २०२० साली उठली. जंगलं वाचावीत हा हेतू रास्तच होता, पण त्या सत्तावीस वर्षांत लाकडाचा हिशेब करण्याची सवय मोडली. निविदेत लाकूड जात, प्रत आणि माप सांगून मागितलं जातं. समोरच्याच गल्लीत मोडलेल्या इमारतीच्या चाळीस तुळया त्या रकान्यात कशा बसवायच्या? आणि पाडकामाचा ठेका देताना मोडीचा माल बहुधा ठेकेदाराचाच होतो, त्यामुळे नव्या इमारतीचा वास्तुकार नेमला जाईपर्यंत लाकूड वखारीतून पांगलेलं असतं.

हे बदलता येईल. महापालिकेनं आपली जुनी शाळा किंवा मंडई पाडताना हातोडा पडण्याआधी लाकडाची यादी करावी, प्रत्येक तुळईवर क्रमांक घालावा, आणि ठेका फक्त उतरवण्याचा द्यावा, मालकी स्वतःकडे ठेवून. लाकूड छपराखाली, जमिनीपासून उचलून, मध्ये पट्ट्या घालून रचावं, म्हणजे वारा खेळता राहील. नव्या इमारतीच्या वास्तुकाराला ती यादी पहिल्याच दिवशी मिळावी, आणि निविदेत ‘१४ फूट’ऐवजी ‘१२ ते १४ फूट’ लिहायची मुभा असावी. सुताराची मजुरी वेगळी धरावी. जुन्या लाकडात माल स्वस्त आणि हात महाग असतो, आणि तो पैसा कारागिराकडे गेला तर मला त्यात काहीच गैर वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात : गिरण्यांचे ओतीव लोखंडी खांब.