एटीव्हीची पुढची चाकं: काय तपासायचं?

ताकदीची वाट: इंजिन, शाफ्ट, पुढचा डिफरन्शियल, दोन ॲक्सल.

सीव्ही जॉइंट: ॲक्सलच्या दोन्ही टोकांना, रबरी बुटात. आधी बूटच पाहा. चीर घड्यांत लपते. बोटांनी घड्या फाकवा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले, की बूट बहुधा फाटलेलाच. चिखल आत गेला नसेल, तर नवा बूट आणि ताजं ग्रीस पुरतं. पूर्ण वळणावर कटकट आली, तर संशय बाहेरच्या जॉइंटवर.

डिफरन्शियलचं तेल: दुधाळ म्हणजे पाणी शिरलं. बारीक कीस चालतो, धातूचे तुकडे नाहीत. तेल पुस्तिकेत सांगितलेलंच. काही गाड्यांत साधं गिअर ऑइल चालत नाही.

खेळ: चाक उचलून वर-खाली हलवा. हललं, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट.