तीन दिवसांनंतर काय?
दफन करून आपण परततो आणि मय्यतीच्या घरी चूल पेटते, तीही पाहुण्यांसाठी! काठी, अक्कलकुवा अशा सातपुड्यातल्या गावी नातेवाईक लांबून येतात; त्यांचे चहा-जेवण बहुधा घरच्याच बायका पाहतात. हिजरी 8 मध्ये मूता येथे हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांच्या घरच्यांसाठी इतरांना जेवण करायला सांगितले होते. आपण उलटेच करतो.

ताजियतही तीन दिवसांत उरकते. बेवेची इद्दत मात्र सर्वसाधारणपणे चार महिने दहा दिवसांची. तोवर बाजार, रेशन, मुलांची फी कोण पाहील, हे मोहल्ल्याने दफनाच्या दिवशीच ठरवावे. नुसते ‘सब्र करा’ म्हणू नये. तिला मरहूमबद्दल बोलू द्यावे, रडू द्यावे. पुत्र इब्राहीम यांच्या निधनावेळी खुद्द रसूलुल्लाह (स.) यांचेही डोळे पाणावले होते.