काच ओली असेपर्यंत

इथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. लंडनच्या गारठ्यात बसून ज्यांनी १८५० च्या दशकात वेट प्लेट फोटोग्राफीची पुस्तकं लिहिली, त्यांना या आकड्याची फार चिंता नव्हती. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात मात्र खोलीचं तापमानच त्याच्या वर गेलेलं असतं. बाटलीचं बूच काढलं की इथर हवेत जायला लागतं आणि मागे राहतं ते घट्ट, दोरे सुटणारं द्रावण, जे काचेवर पसरतच नाही. वेट प्लेट शिकणाऱ्याची पहिली झटापट कॅमेऱ्याशी होत नाही, ती या बाटलीशी होते.

या पद्धतीत फिल्म विकत मिळत नाही. प्रत्येक फोटोच्या आधी ती काचेवर स्वतः तयार करायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. हाताशी वेळ दहा-पंधरा मिनिटांचा, उन्हाळ्यात त्याहून कमी. गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत अनेकांनी ही पद्धत पुन्हा हाती घेतली. सॅली मान यांच्यासारख्या नावाजलेल्या छायाचित्रकार त्यात आहेत, आणि आपल्याकडचे हौशीही हळूहळू तिकडे वळताहेत. याला जुन्याचं वेड म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. फोनमधला फोटो बिघडला तर तो का बिघडला हे आपल्याला कळत नाही. इथे बिघाड काचेवर दिसतो आणि त्याचं रासायनिक कारण सांगता येतं. रसायनशास्त्र हाताने शिकण्याची इतकी चांगली संधी शाळेच्या प्रयोगशाळेतही क्वचितच मिळते.

बाटलीतल्या द्रावणाचं नाव कोलोडियन. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. बाझल इथल्या क्रिस्टियान शोनबाइन यांनी १८४६ मध्ये ते जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांना त्यात बंदुकीची दारू दिसली. कमी नायट्रेट झालेला हाच कापूस इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की पाकासारखं चिकट द्रावण होतं. ते वाळलं की पारदर्शक पापुद्रा उरतो. डॉक्टरांनी तो जखमेवर लावायला घेतला. मेंदूच्या ईईजी तपासणीत डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवण्यासाठी कोलोडियन अजूनही वापरतात.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर हे लंडनचे शिल्पकार. उमेदवारीत चांदीचं काम शिकलेले, पुतळे घडवताना उपयोगी पडावेत म्हणून फोटो काढणारे. कागदी निगेटिव्हमध्ये कागदाचे तंतू उमटत, ते त्यांना खटकत होतं. त्यांनी कोलोडियनमध्ये आयोडाइड मिसळून ते काचेवर ओतलं आणि मार्च १८५१ मध्ये ‘द केमिस्ट’ या नियतकालिकात कृती छापून टाकली. पेटंट घेतलं नाही. कागदी निगेटिव्हचे पेटंटधारक टॅल्बट यांनी मात्र ही पद्धतही आपल्याच पेटंटात येते असा दावा केला. डिसेंबर १८५४ मध्ये ज्युरीने तो फेटाळला आणि वेट प्लेट सर्वांना खुली झाली. तिच्यावर असंख्य स्टुडिओ चालले. आर्चर १८५७ मध्ये गरिबीतच वारले.

आता प्रत्यक्ष काम. काच आधी खडूची पूड, पाणी आणि अल्कोहोलने घासून लख्ख करायची, कारण बोटाचा पुसट ठसाही पुढे फोटोत येतो. मग ती एका कोपऱ्याला धरून आडवी ठेवायची, मध्यावर कोलोडियनचं थारोळं ओतायचं आणि काच कलती करत ते एकामागून एक चारही कोपऱ्यांना न्यायचं. चौथ्या कोपऱ्यातून जास्तीचं द्रावण बाटलीत परत. निथळताना काच डावी-उजवीकडे झुलवली नाही तर तिरक्या रेघा राहतात. हे सगळं काही सेकंदांत. नवशिक्याचा हात इथे हटकून थबकतो, आणि थबकला तिथे जाड कड तयार होते. वाचून हे येत नाही. आधी साध्या काचेवर, इतर कोणतंही रसायन न घेता, फक्त ओतण्याचा सराव करावा असं मी सुचवेन.

थर सायीसारखा धरला, बोट लावल्यावर ठसा उठतो पण थर बोटाला चिकटत नाही, की काच डार्करूमच्या लाल उजेडात सिल्व्हर नायट्रेटच्या बाथमध्ये बुडवायची. बाथ साधारण सात ते नऊ टक्क्यांचा. कोलोडियनमध्ये आयोडाइड आणि ब्रोमाइड आहे, बाथमध्ये चांदी. दोन्हींच्या संयोगाने थराच्या आतच सिल्व्हर आयोडाइड आणि ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि पारदर्शक थर दुधाळ दिसू लागतो. तीन-चार मिनिटांनी काच वर काढून पाहायची. पाणी तेलकट ओघळांसारखं तुटत असेल तर काम अपुरं आहे. सलग पसरलं तर प्लेट तयार.

घाई सुरू होते ती इथून. ओलेपणाचा आग्रह का, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळी पद्धत त्यावर उभी आहे. प्लेटवर बाथमधल्या चांदीच्या द्रावणाचा पातळ पडदा राहिलेला असतो. प्रकाश पडला तिथे सिल्व्हर आयोडाइडमध्ये चांदीचे मोजके अणू सुटे होतात, डोळ्याला न दिसणारे. डेव्हलपर ओतला की तो त्या पडद्यातल्या चांदीचं धातूत रूपांतर करतो आणि ही नवी चांदी आधीच्या अणूंवर जाऊन बसते. म्हणजे चित्र घडतं ते मुख्यतः वरच्या ओलाव्यातल्या चांदीने. प्लेट वाळली तर नायट्रेटचे स्फटिक होतात आणि कोलोडियनचा पापुद्रा इतका घट्ट होतो की डेव्हलपर आत शिरत नाही. म्हणूनच ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न १८६० च्या दशकात हिमालयात गेले तेव्हा हमालांच्या पाठीवर काचा, रसायनं आणि डार्करूमचा तंबू असा सगळा संसार बरोबर होता. १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीतही त्यांनी प्लेट ओतली, बुडवली आणि धुतली.

डेव्हलपर म्हणजे हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट, थोडं अॅसेटिक आम्ल आणि थोडं अल्कोहोल. तो एका झोकात, पण काचेवरून खाली न सांडता पसरवायचा. सांडला तर त्याच्याबरोबर चांदीही वाहून जाते आणि चित्र फिकं पडतं. दहा-पंधरा सेकंदांत आकार दिसू लागतो. उजळ भाग आले, मधल्या छटा डोकावल्या की लगेच पाणी. ‘अजून थोडं’ म्हणून थांबलात की गडद भागांवरही करडी धूळ बसते. याला फॉग म्हणतात आणि जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या सुरुवातीच्या प्लेटा त्यात जातात. आम्ल प्रक्रियेला लगाम घालतं, म्हणून आपल्या हवेत आम्ल वाढवावं, डेव्हलपर गार ठेवावा, कोलोडियनमध्ये इथर कमी करून अल्कोहोल जास्त घ्यावं.

पुढचा टप्पा हायपोचा, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाचा. न वापरलेलं आयोडाइड त्यात विरघळतं, दुधाळपणा जातो आणि गडद भाग पारदर्शक होतात. काचेमागे काळं कापड धरलं तर करड्या चांदीचे भाग उजळ आणि पारदर्शक भाग काळे दिसतात. निगेटिव्हच पॉझिटिव्ह दिसू लागतं. त्याला अॅम्ब्रोटाइप म्हणतात. काळ्या लाखेच्या लोखंडी पत्र्यावर हेच केलं की टिनटाइप. शेवटी प्लेट धुऊन, वाळवून, स्पिरिटच्या दिव्यावर कोमट करून सँडरॅक नावाच्या राळेचं आणि लव्हेंडर तेलाचं व्हार्निश. नाहीतर चांदी हवेने काळवंडते.

टिनटाइपमध्ये चित्र आरशासारखं उलटं येतं. डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या. अमेरिकी दरोडेखोर बिली द किड डावखुरा होता असं लोक वर्षानुवर्षं मानत होते. हॉलिवूडने १९५८ मध्ये त्याच्यावर काढलेल्या सिनेमाच्या नावातही तो डावखुराच आहे. पुरावा काय, तर एक टिनटाइप.

रंगांच्या बाबतीत ही काच याहून मोठी फसवणूक करते. तिला फक्त निळा-जांभळा आणि अतिनील प्रकाश कळतो; म्हणून तर लाल दिव्याखाली काम करता येतं. निळं आकाश पांढरंफटक येतं. कपाळावरचं कुंकू काळं, हळदीने माखलेला नवरदेव काळवंडलेला, झेंडूचं तोरण कोळशाचं, आणि गर्द निळी पैठणी चक्क फिकी. त्वचेवरचे एरवी न जाणवणारे डाग ठळक होतात. जुन्या फोटोंतले चेहरे रापलेले, कठोर का दिसतात याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं वेळेत. प्लेटची संवेदनशीलता आजच्या मोजमापात आयएसओ १ च्या आसपास. सावलीत बसलेल्या माणसाला काही सेकंद निश्चल राहावं लागतं, आणि स्टुडिओत डोक्यामागे लोखंडी टेकू असे.

मुंबईत हे तंत्र पोचायला वेळ लागला नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ ची. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला, आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. अजिंठ्यासमोर मात्र ही काच दुबळीच ठरली असती. गेरू आणि पिवडी हे तिथले मुख्य रंग, म्हणजे काचेच्या लेखी दोन्ही काळोख, आणि लेण्यातला उजेडही बेताचा. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं रंगवलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. स्वतः गिल कॅमेराही चालवत होते. तरी १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना पुन्हा कुंचलाच घेऊन बसावं लागलं. रंग टिपणं तर दूरच, लाल आणि काळ्यातला फरक करड्या छटांत दाखवणंही तेव्हाच्या काचेला जमत नव्हतं.

शिकणाऱ्याला सर्वांत जास्त छळतो तो चांदीचा बाथ. प्रत्येक प्लेटबरोबर त्यात थोडं इथर, अल्कोहोल आणि धूळ जाते. नवा बाथ थराबाहेर आयोडाइड ओढून घेतो, म्हणून कोलोडियन लावलेली एक काच त्यात रात्रभर ठेवून त्याची आयोडाइडची भूक आधी भागवावी लागते. जुना झाला की प्लेटांवर फॉग येऊ लागतो. मग बाथ काचेच्या बरणीत भरून उन्हात ठेवायचा: सेंद्रिय कचऱ्याशी चांदीची प्रक्रिया होऊन काळा गाळ खाली बसतो, तो गाळायचा, नायट्रिक आम्लाचे थेंब घालून आम्लता जुळवायची. काचेवर शेपटी असलेले ठिपके दिसले तर धुळीचे कण. कडेने शिंपल्यासारखे चंदेरी डाग असतील तर प्लेट होल्डर पुसलेला नाही. थर सोलून निघत असेल तर कडा अस्वच्छ आहेत. कोलोडियनही बदलत जातं: ताजं फिकट पिवळं आणि वेगवान, आयोडीन सुटत गेलं की लालसर, मंद, पण छटांत कडक. वहीत तारीख, तापमान आणि कोलोडियनचं वय लिहिणारा लवकर शिकतो.

आर्चरच्या पद्धतीला उतरती कळा लागली तीही इथरमुळेच म्हणायची. त्याच्या वाफेने डॉ. रिचर्ड मॅडॉक्स यांची तब्येत ढासळत होती. पर्याय शोधताना १८७१ मध्ये त्यांनी जिलेटिनची ड्राय प्लेट सुचवली आणि दहाएक वर्षांत स्टुडिओंनी वेट प्लेट सोडली. छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्यांनी मात्र ती विसाव्या शतकातही बराच काळ चालवली, कारण इतक्या बारीक कणांची आणि कडक निगेटिव्ह इतकी स्वस्त दुसरीकडे मिळत नव्हती.

करून पाहायची इच्छा झाली असेल तर खर्चाचा अंदाज घ्या. सिल्व्हर नायट्रेटच्या वजनात ६३.५ टक्के चांदी असते. नऊ टक्क्यांच्या एक लिटर बाथमध्ये सुमारे ५७ ग्रॅम. सराफ्यातला भाव बघून हिशेब करता येईल. ही तीच चांदी, जी मतदानाच्या शाईतून आपल्या बोटावर येते. त्वचेवर डाग पडून आठवड्यांत जातो, पण डोळ्यात उडाली तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल आणि हातमोज्यांशिवाय डार्करूममध्ये पाऊल टाकू नये. इथरची वाफ हवेपेक्षा जड. जमिनीलगत पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते आणि पेट घेते. जुन्या पुस्तकांत हायपोऐवजी पोटॅशियम सायनाइड सुचवलेलं आढळेल. डेव्हलपरच्या आम्लाशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू सुटतो, त्यामुळे नवशिक्याने तो विषयच सोडावा. हायपो सावकाश काम करतो, पण पुरेसा आहे. वापरलेला हायपो मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेली चांदी असते. साठवली तर परत मिळवता येते.

आणि एकट्याने, पुस्तक किंवा व्हिडिओ बघून सुरुवात करू नका. जाणत्या माणसाच्या हाताखाली काही प्लेटा ओता. तशी सोय होत नसेल तर आधी सायनोटाइप करून बघा. जॉन हर्शेल यांची १८४२ ची ही पद्धत: लोहाचे दोन क्षार, कागद, ऊन आणि नळाचं पाणी. इथर नाही, चांदी नाही, आणि वाळलेला कागद चालतो.