शेळ्यांचा वाडा कोणी बांधावयाचा?

शेळीपालन हा शब्द अलीकडे आमच्या शहरवासी मंडळींच्या तोंडी वारंवार येऊ लागला आहे. उस्मानाबादी शेळी जुळी करडे देते, बोकडाला बारमाही गिऱ्हाईक आहे, भांडवल थोडे लागते व नफा लवकर हाती येतो, हे सर्व आता पेढीवर बसणाऱ्यासही पाठ झाले आहे. यातले खोटे काहीच नाही. परंतु शेळी घेण्यासाठी कर्ज काढणाऱ्यास आणि ते देणाऱ्यास एकच प्रश्न विचारून पाहावा. ही शेळी आषाढातल्या रात्री बसणार कोठे? या प्रश्नास सरळ उत्तर क्वचितच मिळते, आणि न मिळालेल्या त्या उत्तराची किंमत कोण भरतो हेच आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

२०१९ सालच्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लक्ष शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांपैकी एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात होत्या. मोठ्या गोठ्यांचा आकडा हा नव्हे. धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर या अवर्षणाच्या मुलखात दोन शेळ्या, चार शेळ्या, फार तर दहा, अशा घरोघर विखुरलेल्या जनावरांची ही बेरीज आहे. त्यांचे धनी बहुधा भूमिहीन मजूर किंवा कोरडवाहू तुकड्यावर राबणारे लोक, आणि प्रत्यक्ष राखण करणारी त्या घरची बाई. शेळीस गरिबाची गाय म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. पण गाईला गोठा असतो. शेळी दिवसा बाभळीखाली आणि रात्री ओसरीत, किंवा ज्या एका खोलीत चूल पेटते व मुले निजतात तिच्याच कोपऱ्यात. चोराची भीती, कुत्र्यांची भीती आणि बाहेर पाऊस. मग ती बाई दुसरे काय करणार? तिला स्वच्छतेचे व्याख्यान देणाऱ्यांनी आधी तिच्या घराला अंगण किती आहे हे पाहून यावे.

आता आमच्या व्यापारी वाचकांचा या प्रकरणाशी संबंध काय, तो सांगतो. तालुक्याच्या गावी राहणारे कित्येक गृहस्थ खेड्यातल्या ओळखीच्या घरी अर्धलीने शेळ्या ठेवतात. शेळी शहरवाल्याची, राखण खेडेकरणीची, करडे निम्मी निम्मी. व्यवहार जुना आहे, तोंडी आहे, आणि बहुतेक वेळा प्रामाणिकपणे पाळला जातो, हे आम्ही मान्य करतो. तथापि त्यात आसऱ्याचे कलमच नाही. करडू थंडीने मेले तर दोघांचे निम्मे नुकसान झाले असे वरवर दिसते. पण एकाचे नुकसान हिशेबाच्या वहीतले असते आणि दुसरीचे पुढल्या वर्षीच्या वह्यापुस्तकांचे व औषधपाण्याचे. शिवाय मूळ शेळीच दगावली तर तिचा बोल बहुधा राखणारणीसच लागतो.

करडे मरतात ती कशाने? 'वारं लागलं', 'नजर लागली', 'देवाची मर्जी' अशी उत्तरे आम्ही पुष्कळ ऐकतो. खरी कारणे पुष्कळदा जमिनीपासून वीतभर उंचीवर असतात. शेळी ऊन सोसते, भूक सोसते, काटे खाऊन जगते. ओल मात्र तिला मुळीच सोसत नाही. भिजलेल्या जागी बसली की खूर सडतात. कोंदट खोलीत रात्रभराच्या मुतापासून नवसागरासारखा उग्र वायू सुटतो, तो फुप्फुसास झोंबतो आणि महिन्याच्या आतल्या करडास न्यूमोनिया गाठतो. घाण तुडवलेल्या चाऱ्यातून हगवणीचे जंतू पोटात जातात. परीक्षा सोपी आहे. पहाटे जनावरे सोडण्याच्या आधी आत जावे आणि शेळी बसते त्या उंचीवर उकिडवे बसून चार श्वास घ्यावेत. डोळे चुरचुरले तर समजावे की ही जागा करडांस मारणार आहे, मग वर छप्पर कितीही पक्के असो.

यावरून वाडा बांधण्याची पहिली बाब ठरते: भिंतीआधी जमीन पाहावी. आवारातली सर्वांत उंच जागा निवडावी; नसेल तर फूट-दीड फूट भराव घालून जोते उचलावे व भोवती चर खणावा. तळाशी मुरूम घालून तो चोपून घ्यावा आणि बाहेरच्या अंगास किंचित उतार ठेवावा. पुष्कळ हौशी लोक सिमेंटची फरशी करतात व तीस पक्के काम समजतात. पण मुरूम ओल पिऊन घेतो, फरशी ती अंगावर धरून ठेवते आणि थंडीत जनावराच्या पोटाखाली गार पडते. मुरमाचा वरचा थर वर्षातून एकदोनदा खरवडून शेतात टाकावा, त्याचे उत्तम खत होते, आणि नवा पसरून वर चुन्याची भुकटी भुरभुरावी.

वाड्याची लांबी पूर्वपश्चिम धरावी, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारचे ऊन आत शिरत नाही. लांब बाजूंच्या भिंती कमरेइतक्याच पुरेत. त्यावर छपरापर्यंत जाळी. हिवाळ्यात तिच्यावर गोणपाटाचे पडदे सोडावेत व सकाळी गुंडाळावेत. पूर्वपश्चिमेच्या टोकांच्या भिंती मात्र पूर्ण उंचीच्या. पत्रा दोनअडीच फूट बाहेर काढला नाही तर वळवाची तिरपी सर थेट मधोमध येते. मराठवाड्यात वैशाखात पत्र्याखाली भट्टी पेटते, तेव्हा वर कडब्याचा किंवा पाचटाचा थर अंथरावा, नाहीतर चुन्याची सफेदी तरी करावी. मोठ्या शेळीस छपराखाली दहा ते बारा चौरस फूट आणि त्याच्या दुप्पट उघडे आवार, हे सर्वमान्य माप आहे. गाभण शेळ्या, करडे व बोकड यांस वेगळे कप्पे हवेत. गव्हाण बाहेरून भरता येईल व शेळीचे फक्त डोके आत जाईल अशी करावी; शेळी गव्हाणीत चढून उभी राहिली की त्या चाऱ्यास पुन्हा तोंड लावीत नाही. या एका बाबतीत ती पुष्कळ माणसांहून सोवळी आहे.

सरकारने या दिशेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२० साली महाराष्ट्र शासनाने ग्रामसमृद्धी योजना मंजूर केली, तीत रोजगार हमीच्या पैशातून शेळ्यांच्या शेडसाठी तरतूद केली. दहा शेळ्यांसाठी ३.७५ मीटर लांब व २ मीटर रुंद, म्हणजे साडेसात चौरस मीटरांची जागा, चारी बाजूंनी सरासरी २.२० मीटर उंचीच्या विटांच्या भिंती, मुरमाचा तळ, आणि अंदाजे खर्च ४९,२८४ रुपये. मुरमाचा आग्रह धरला हे उत्तम झाले. परंतु शेळीमागे जेमतेम आठ चौरस फूट जागा येते, आणि चहूकडून उंच भिंती घातल्यावर वारा कोठून खेळावा याचा विचार झालेला दिसत नाही. ज्यांना अशी शेड मिळाली त्यांनी लांब भिंतींचा वरचा भाग जाळीस मोकळा सोडण्याची मागणी अवश्य करावी. तेवढ्याच विटा वाचतात, आणि त्या पैशात दारापुढे छोटे कुंपण होते.

कुंपणावरून आठवले, मजबुतीचा अर्थ प्रांतोप्रांती निराळा आहे. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यात बिबट्या फडात राहतो. २००१ सालाच्या सुमारास जुन्नर भागात त्याचे हल्ले इतके वाढले की, वनखात्याने अनेक बिबटे धरून दूर नेऊन सोडले, तरी प्रश्न मिटला नाही. सहा फुटी भिंत बिबट्यास उंबऱ्यासारखी. कोंडलेल्या कळपात तो शिरला तर एक मारून थांबत नाही. म्हणून तेथे रात्रीची जागा वरूनही बंद हवी आणि जाळी जाड वेल्डमेशची हवी. कोंबड्यांची पातळ जाळी तो पंजाने फाडतो. सोलापूरकडील माळावर लांडगा व सर्वत्र मोकाट कुत्री खालून उकरतात, तेव्हा जाळी फूटभर जमिनीत गाडावी किंवा पायात दगड भरावेत. दाराची कडी दुहेरी असावी, कारण साधा कोयंडा शेळी शिंगाने उचलते. धनगरांची वाघर, म्हणजे मुक्कामी कळपाभोवती लावावयाची जाळी, हलकी व उपयोगी खरी. पण तिच्यामागे रात्रभर माणूस व कुत्रा जागा असतो हे विसरू नये. कोकणात शत्रू पाऊस आहे. तेथे बांबूच्या किंवा पोफळीच्या पट्ट्यांचा माचा करून शेळ्या उचलूनच ठेवाव्यात. पट्ट्यांतील फट लेंडी पडेल पण करडाचा खूर अडकणार नाही इतकीच.

वाड्यापासून दूर एक लहानसा आडोसाही हवा. बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे तेथे ठेवावी. पीपीआरसारखा संसर्गजन्य रोग घरचा सबंध कळप झोपवितो, आणि तो पुष्कळदा स्वस्तात मिळालेल्या एका जनावराबरोबर येतो.

हे सर्व खर्चाचे आहे. तो खर्च एकट्या राखणारणीने करावा असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो, दुकान चालवावयास देताना छप्पर कोण घालतो? अर्धलीने शेळ्या देणाऱ्यांनी वाड्याच्या खर्चाचा निम्मा वाटा उचलावा, आणि वाडा मात्र जिच्या अंगणात आहे तिचाच राहावा, असे करारात लिहून द्यावे. पतसंस्थांनी पाच शेळ्यांचे कर्ज मंजूर करताना आधी चार शेळ्या व वाडा यांचे करावे. पाचवी पुढल्या वेतास घरचीच येते. पत्रा, अँगल व जाळी विकणाऱ्या आमच्या दुकानदार मित्रांस एवढेच सुचवितो की, माल मृगाच्या आधी उधारीवर द्यावा आणि त्याचा हप्ता दर महिन्याच्या १ तारखेस मागू नये. बकरी ईद, आखाड, गावची जत्रा अशा वेळी बोकड बाजारात जातो. तेव्हा मागावा.